लतिकाच्या शेजारची सीट

त्र्यंबक मोकाशीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याबद्दल त्याला पगार मिळाला. न्यू जर्सीतल्या एका कंपनीत तो पुलांची ड्रॉइंगं तपासायचा. कुणीतरी तरुण इंजिनीअर महिनाभर डोकं फोडून पूल काढायचा आणि मग त्र्यंबक लाल पेन्सिल घेऊन बसायचा. सळयांमधलं अंतर चुकलं, लाल. बेअरिंगची उंची चुकली, लाल. त्याने तपासलेला एकही पूल कधी खचला नाही, आणि त्याच्या हाताखालचा एकही पोरगा कधी आपणहून त्याच्याबरोबर जेवायला बसला नाही. सांगलीहून सिव्हिल करून आलेल्या माणसाने वेस्ट विंडसरला स्वतःचं घर केलं, ज्ञानदाला, म्हणजे एकुलत्या एक मुलीला, शिकवून मार्गी लावलं, तेव्हा त्या पेन्सिलीने त्याचं काही वाईट केलं असं म्हणता येणार नाही. गोची एवढीच होती की संध्याकाळी घरी येताना ती तो ऑफिसात ठेवून येत नसे.

त्याची बायको लतिका लग्न होऊन अमेरिकेत आली, तेव्हा तिला गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. शिकवलं म्हणजे शेजारी बसून तपासलं. रूट वन हायवेवर धावत्या गाड्यांत मर्ज होताना एकदा त्याने शेजारून सरळ स्टिअरिंगलाच हात घातला. मागच्या ट्रकने कानठळ्या बसतील असा भोंगा दिला. तिने गाडी कडेला घेतली, उतरली, वळसा घालून दुसऱ्या दाराशी आली आणि म्हणाली, "तुम्ही चालवा." त्या दिवसापासून नवरा गाडीत असला की ती स्टिअरिंगला हात लावत नसे. कामाला ती आतल्या रस्त्यांनी जायची. यावरून त्र्यंबकने निष्कर्ष काढला की लतिकाला हायवे झेपत नाही, आणि तो प्रत्येक पार्टीत, प्रत्येक गणपतीत, मोठ्या प्रेमाने तो सांगत राहिला. लतिकाने तो कधी खोडून काढला नाही. ती समोरच्याला आणखी एक दहीवडा वाढायची.

आता साडूबद्दल सांगायला हवं. लतिकाची धाकटी मावसबहीण शोभना टेक्ससमध्ये प्लेनोला राहते आणि देवदत्त हा तिचा नवरा. गोल चेहऱ्याचा, ढगळ टी-शर्टातला, कशाचंच टेन्शन न घेणारा माणूस. नोकऱ्या बदलल्या, एकदोनदा गेल्याही, पण गड्याचं वजन काही कमी झालं नाही. लतिका नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि देवदत्तला 'अरे'. त्यात काही विशेष नाही, तो वयाने लहान आहे आणि पहिल्याच भेटीत त्याने 'मला अहोजाहो केलंत तर मी जेवणार नाही' अशी धमकी दिली होती. तरी त्र्यंबकला ते कुठेतरी खुपायचं. तिचा 'अहो' कसा इस्त्री करून घडी घातल्यासारखा यायचा आणि 'अरे देवदत्त' म्हणताना तिचा आवाज मोकळा व्हायचा.

दोघेही साडू रिटायर झाल्यावर शोभनाने टूम काढली. प्लेनोहून एक आरव्ही भाड्याने घ्यायची, म्हणजे ते आत स्वयंपाकघर आणि पलंग असलेलं मोटारहोम, आणि चौघांनी कोलोरॅडोचे डोंगर बघून यायचं. गाडी ताब्यात घेताना काउंटरवरच्या पोरीने विचारलं, ड्रायव्हर कोण कोण? त्र्यंबक म्हणाला, "आम्ही तिघं. हिचं नाव कशाला? ही कुठे चालवणारे?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत लतिकाचं लायसन्स काउंटरवर पडलं होतं.

मग शोभनाने नियम सांगितला. आधीच्या वर्षी ते दुसऱ्या एका जोडप्याबरोबर असेच गेले होते, आणि त्या नवराबायकोने रस्त्यात इतकी भांडणं केली की अर्ध्यातून विमानाने परत जायची वेळ आली. "म्हणून या वेळी क्लिअर रूल," शोभना म्हणाली. "जो ड्राइव्ह करेल त्याच्या शेजारी त्याचा स्वतःचा नवरा किंवा बायको बसायची नाही. नो एक्सेप्शन."

सगळ्यांत मोठ्याने हसला तो त्र्यंबक. "वा! एकदम सायंटिफिक!" असंही म्हणाला. आपली बायको चालवणारच नाही, तेव्हा हा नियम आपल्याला लागतोच कुठे, असा त्याचा हिशेब होता. इतकी वर्षं दुसऱ्यांची आकडेमोड तपासणाऱ्या माणसाने स्वतःची तपासली नाही.

पहिला टप्पा त्याने चालवला, शेजारी शोभना. ती चिवडा देत होती, तो लेन सांभाळत होता, सगळं छान चाललं होतं. मग देवदत्तने चालवलं. अमॅरिलोच्या पुढे गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला थांबले, तेव्हा लतिका ड्रायव्हरच्या दाराने आत चढली. सीट पुढे घेतली, आरसे लावले, चष्मा बदलला आणि म्हणाली, "आता मी."

त्र्यंबक हसला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाहीये. देवदत्त पलीकडून चढून आरामात तिच्या शेजारी बसला आणि त्र्यंबकला मागे, जेवायच्या टेबलाशी, पट्टा बांधून बसावं लागलं. जेवायच्या टेबलाशी बसून भलीमोठी गाडी चाललेली बघणं हा अनुभवच विचित्र. त्यात ती गाडी आपली बायको चालवतेय, आणि तिच्या शेजारी आपला साडू आहे.

त्याने डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली. बाजूने वारा होता, मोठमोठे ट्रक घासून जात होते. आता डगमगेल, मग डगमगेल, करत तो वाट पाहत राहिला. गाडी डगमगली नाही. ओव्हरटेक करताना तिने सिग्नल दिला, आरशात पाहिलं, शांतपणे पुढे गेली, शांतपणे परत लेनमध्ये आली. एक तरी चूक कर गं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. वाटली, पण वाट बघणं काही त्याने थांबवलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे पुढचं दृश्य. इंजिनच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते, पण वरच्या आरशात लतिकाचे ओठ सारखे हलताना दिसत होते. ती बोलत होती. मध्येच तिचे खांदे हलायचे, म्हणजे हसत होती. आणि देवदत्तची टोपी हळूहळू तिच्या बाजूला कलत चालली होती, एखादं गुपित नीट ऐकावं तशी. त्र्यंबकच्या बाजूला असताना लतिका गाडीत काय बोलायची, हे त्याने आठवून पाहिलं. 'एक्झिट आला' आणि 'एसी कमी करा' याच्या पुढे काही आठवेना.

"एवढं काय बोलतात गं ही दोघं?" त्याने शोभनाला विचारलं.

शोभनाने कानातलं इअरफोनचं एक बटण काढलं. "मला काय माहीत? बोलू दे की."

संध्याकाळी कॅम्पग्राउंडला थांबल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं लतिकाला विचारलं, "काय गप्पा रंगल्या होत्या?"

"कुठे काय," ती म्हणाली आणि कुकर शोधायला लागली.

देवदत्त आळस देत म्हणाला, "मजा आली यार! लतिका काय ड्राइव्ह करते! मला तर कळलंच नाही कधी पोचलो ते."

त्र्यंबकच्या पोटात जे दुखायला लागलं ते त्या संध्याकाळपासून. साठी ओलांडलेल्या माणसाला असा मत्सर शोभत नाही, हे त्याला कळत होतं. लतिका काही पळून जाणार नव्हती आणि देवदत्तला तर चालतानाही दम लागायचा. तसला संशय त्याला नव्हताच. त्याला फक्त ते बोलणं हवं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात जे आपल्या वाट्याला आलं नाही ते हा ढगळ टी-शर्टवाला चिवडा खात खात फुकट ऐकतोय, याने त्याचा जीव नुसता जळत होता.

दर दिवशी तेच. लतिकाची पाळी आली की देवदत्त पुढे, त्र्यंबक मागे, आणि आरशात ते हलणारे ओठ.

वुल्फ क्रीक पासचा घाट उतरायच्या दिवशी त्याने सकाळी चहाबरोबरच लेक्चर दिलं. उतार किती तीव्र आहे, लो गिअर कधी टाकायचा, ब्रेक तापले तर काय होतं, आणि ट्रकांचे ब्रेक निकामी झाले तर त्यांना घुसायला कडेला मातीचे चढ कसे बांधलेले असतात. "तेव्हा हा पास मी उतरवणार," त्याने समारोप केला.

"टर्न लतिकाचा आहे," शोभना म्हणाली.

"अगं, टर्न काय? हा जिवाचा प्रश्न आहे!"

"मी उतरवते," लतिका म्हणाली. ती कप विसळत होती, तिने वळूनही पाहिलं नाही.

तिने उतरवला. माथ्यावरच लो गिअर टाकला, ब्रेक लावून सोडला, लावून सोडला, एकेक वळण सावकाश घेत ती खाली आली. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी होती, पण त्र्यंबकचं अर्धं लक्ष देवदत्तच्या टोपीवर होतं. एवढ्या घाटातसुद्धा हा माणूस मान खाली घालून तिचं ऐकतोय! खाली दरी बघायची जागा होती, तिथे तिने गाडी लावली. शोभनाने तिला मिठी मारली, देवदत्तने डोळे चोळत टाळ्या वाजवल्या. लतिकाचा चेहरा असा फुलला होता की त्र्यंबकला ती एकदम लग्नातल्या फोटोतल्यासारखी दिसली. ती त्याच्याकडे बघत होती. तो काय म्हणतो याची ती वाट बघत होती, हे त्याला स्वच्छ कळलं.

"शेवटच्या वळणाला जरा फास्ट होतीस," तो म्हणाला.

ती फास्ट नव्हती. त्याला ते माहीत होतं.

"हो का," लतिका म्हणाली, आणि फोटो काढायला निघून गेली.

पगोसा स्प्रिंग्जला पोचल्यावर ज्ञानदाचा फोन आला. शोभनाने स्पीकरवर सगळी कथा सांगितली. "ओ माय गॉड, आई ड्रोव्ह दॅट? गो आई!" ज्ञानदा ओरडली. मग म्हणाली, "वेट, बाबा, तुम्ही फ्रंट सीटवर होतात?"

"नाही. मागे."

"ओके. दॅट एक्सप्लेन्स इट."

सगळे हसले. त्र्यंबकही हसला, न हसून सांगतो कुणाला. वर शोभनाने आणखी एक दिलं ठेवून: "अहो, आमच्याकडे आली की एअरपोर्टपासून तीच चालवते. टोलवे, बिलवे, सगळं. तुम्हाला माहीत नव्हतं?" त्याला माहीत नव्हतं. ती हायवेला घाबरत नव्हती. कधीच घाबरत नव्हती. मग ती कशाला घाबरत होती, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

परतीच्या वाटेवर सांता फेला पाण्याचा पाइप जोडायला वाकताना देवदत्तची कंबर धरली. त्याला मागे उशांच्या ढिगाऱ्यात बसवावं लागलं. सांता रोझाला गॅस भरून झाल्यावर पाळी लतिकाची होती. बायका दुकानात कॉफी आणायला गेल्या, तेव्हा त्र्यंबकने साडूला गाठलं.

"देवदत्त, खरं सांग. तुम्ही पुढे बसून एवढं काय बोलता?"

"कोण?"

"तू आणि लतिका. इतके दिवस बघतोय. रोज तासन् तास."

देवदत्त ओशाळला. "कुठे बोलतो यार? मी झोपतो."

"झोपतोस?"

"आता काय सांगू तुला. लतिकाने गाडी चालू केली ना, की माझा डोळाच लागतो. शोभना चालवते तेव्हा नाही लागत, तू चालवतोस तेव्हा तर नाहीच नाही. मी घोरतो म्हणून ती हसते. शोभनाला सांगू नकोस हां, शेजारच्याने जागं राहायचं असतं ना."

"आणि घाटात?"

"घाटात सुद्धा. काय रे, इतकी मस्त चालवते ती."

"मग तिचे ओठ कसे हलत असतात?"

"गात असेल. मला काय माहीत, मी झोपलेला!"

क्षणभर त्र्यंबकला हायसं वाटलं. कसली गुपितं नाहीत, कसल्या गप्पा नाहीत. आणि लगेच आधीपेक्षा दुप्पट जळायला लागलं. गप्पांवर काहीतरी इलाज होता. चार विषय काढता आले असते, गोड बोलायला शिकता आलं असतं. पण घाटाच्या उतारावर, दरीच्या कडेने, हा माणूस लतिकाच्या हाती जीव देऊन घोरत होता. कुणी तिला आजवर दिली नव्हती ती गोष्ट त्याने दिली होती, तीही झोपेत. त्र्यंबकने ठरवलं, आपणही देऊ. त्यात काय, डोळे तर मिटायचे.

बायका आल्या तशी तो म्हणाला, "आज पुढे मी बसतो."

"रूल?" शोभना म्हणाली.

"आजचा दिवस राहू दे रूल. मी एक शब्द बोलणार नाही. लतिका, शपथ."

लतिकाने हातातला कॉफीचा कप होल्डरमध्ये ठेवला. "बसा," ती म्हणाली.

तो बसला आणि शब्दाला जागला. तिने रॅम्पवरून गाडी मर्ज केली, तो बोलला नाही. तिने एक ट्रक ओव्हरटेक केला, तो बोलला नाही. मग त्याने सीट मागे कलती केली, हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. त्याने श्वास संथ केला. देवदत्तसारखं थोडं घोरूनही पाहिलं. आता ती गायला लागेल, आत्ता लागेल, म्हणून तो कान देऊन पडून राहिला. ट्रक घोंघावत गेले. वाऱ्याने गाडी जराशी हलली. ती गायला लागली नाही.

बऱ्याच वेळाने गाडीचा वेग उतरला. डोळे उघडले तर ती रेस्ट एरियात गाडी लावत होती.

"काय झालं? बोललो का मी काही?"

"नाही. एक शब्द नाही बोललात."

"डोळे सुद्धा मिटले होते."

"हो," लतिका म्हणाली. "आणि पाय?"

त्याने खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय समोरच्या मॅटवर असा दाबून बसला होता की गुडघा ताठ झाला होता. त्याने तो सोडला तेव्हा पोटरीत कळ आली.

"ट्रक आला की दाबता. मी लेन बदलली की दाबता. सांता रोझापासून बघतेय."

"मुद्दाम नाही करत गं."

"माहीत आहे मला. मुद्दाम करत असतात तर भांडले असते."

त्याने मान वळवून पाहिलं. मागे टेबलाशी शोभना कानात बटणं घालून बसली होती आणि देवदत्त उशांमध्ये गडप होता. "मला हेवा वाटत होता त्याचा," त्र्यंबक एकदम म्हणाला. "देवदत्तचा. पहिल्या दिवसापासून."

"ते दिसत होतं आरशात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तुम्ही मागे बसा आता. अजून बराच रस्ता आहे."

"मग इथे कोण? शोभनाला पाठवू?"

"कुणी नको. सीट रिकामी राहू दे."

तो मागे गेला, पट्टा बांधला. गाडी पुन्हा हायवेला लागली. थोड्या वेळाने पुढून आवाज आला आणि आधी त्याला वाटलं की रेडिओ लावलाय. मग त्याला आवाज ओळखू आला. इतके दिवस ती देवदत्तची झोप मोडू नये म्हणून ओठातल्या ओठात गात असणार. आता शेजारी कुणीच नव्हतं आणि लतिका इंजिनच्या वरताण, मोकळ्या गळ्याने गात होती. तिचा आवाज असा आहे हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्र्यंबक तिच्या शेजारच्या त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिला. इतका हेवा त्याला देवदत्तचासुद्धा वाटला नव्हता.